सावली चिखल्याची की तलासरीची?

डहाणूजवळच्या आमच्या चिखल्यात मला दोनच प्रश्न विचारतात. यंदा पाऊस कसा आहे, हा एक. आणि बांधाची मोजणी करून द्याल का, हा दुसरा. लोकांची यात चूक नाही. मी जन्मभर नोकरी केली वेधशाळेत, आणि वेधशाळा म्हटलं की माणसाला आधी हवामान आठवतं. तिथे नक्की काय करता असं कुणी खोदून विचारलं की मी सांगायचे, मोजणी. मग तो माणूस घरी जाऊन सातबारा घेऊन यायचा. घोलवडचे एक गृहस्थ तर सोबत टेपही घेऊन आले होते. त्यांना म्हटलं, "काका, मी ताऱ्यांच्या जागा मोजते." ते टेप गुंडाळत म्हणाले, "बरं आहे. तिथे बांधावरून भांडणं तरी नसतील."

असतात. आणि माझ्या नोकरीतलं शेवटचं भांडण तर थेट आमच्या चिखल्यापर्यंत आलं, म्हणून तेच सांगते.

आधी कामाविषयी थोडं. ताऱ्यांची मोजणी म्हणजे तारे किती आहेत ते मोजणं नव्हे. ते कोणी मोजू नयेत, वेड लागेल. आमचं काम एकेक तारा नेमका कुठे आहे ते ठरवण्याचं. मी कामाला लागले तेव्हा आकाशाचे फोटो काचेच्या प्लेटवर निघत. प्लेटवर तारा काळ्या ठिपक्यासारखा दिसतो. सूक्ष्मदर्शकातून बघत बारीक तारांची फुली त्या ठिपक्याच्या बरोबर मध्यावर आणायची आणि यंत्रावरचा आकडा टिपून घ्यायचा. ऐकायला सोपं आहे. पण ठिपक्याचा मध्य प्रत्येकाला वेगळा दिसतो. माझा डोळा किंचित डावीकडे झुकतो. माझ्या शेजारी बसणाऱ्या जोशींचा उजवीकडे. त्यात हुशारीचा किंवा आळशीपणाचा संबंध नाही, तो ज्याच्या त्याच्या डोळ्याचा स्वभाव. त्यावर आमच्या धंद्यात जुना उपाय आहे. एकदा मोजून झालं की प्लेट उलटी फिरवायची, खालची बाजू वर, आणि पुन्हा मोजायचं. डोळा आता चुकला तर उलट्या बाजूला चुकतो, आणि दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. लग्न झाल्यावर मी हा उपाय घरातल्या भांडणातही वापरून पाहिला. तिथे प्लेट फिरत नाही.

माझ्या पहिल्या साहेबांनी याच्यापुढची एक रीत घालून दिली होती. महत्त्वाचा तारा असला की तो दोघांनी मोजायचा, एकमेकांना काही न सांगता. मग फळ्याच्या दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून उभं राहायचं आणि एकाच वेळी आकडा लिहायचा. आकडे जुळले तर साहेबांकडून चहा. नाही जुळले तर सरासरी काढायची नाही. हा त्यांचा कडक नियम. ते म्हणायचे, "एक म्हणतो विहीर घराच्या पूर्वेला आहे, दुसरा म्हणतो पश्चिमेला. सरासरी काढलीत तर विहीर स्वयंपाकघरात येईल." आकडे का जुळत नाहीत ते शोधायचं, आणि शोधताना स्वतःचा आकडा तपासायचा नाही, दुसऱ्याचा तपासायचा. तोही त्याच्या जागेवर बसून, त्याचेच फोटो घेऊन. स्वतःची चूक माणसाला स्वतःच्या खुर्चीवरून दिसत नाही, असं साहेबांचं मत होतं.

या रीतीपायी आम्हाला एकदा आकाशातला एक ठकसेन सापडला होता. फोटोत दोन ठिपके होते, अगदी शेजारी शेजारी. मी एकाची जागा मोजली, जोशींनी दुसऱ्याची, आणि दोघांनाही वाटलं की समोरच्याची चूक आहे, कारण तिथे एकच ठिपका असायला हवा होता. एकमेकांच्या खुर्च्यांवर बसलो तरी ठिपके दोनच. बरं, दोघांच्या प्रकाशाची जात सारखी. एक ठिपका मध्येच उजळला आणि मग मंदावला. बऱ्याच महिन्यांनी दुसराही तसाच उजळला आणि तसाच मंदावला. जुळ्या भावांपैकी एकाला ताप आला आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याला आला, तोही हुबेहूब तसाच, तर वैद्यबुवाही विचारात पडतील.

ते दोन नव्हतेच. फार फार लांबचा एकच दिवा होता. वाटेत एक भलीमोठी दीर्घिका आडवी आली होती, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा गठ्ठा. एवढ्या वजनाजवळून जाताना प्रकाशही वाकतो. थोडा प्रकाश तिच्या एका अंगाने वाकून आपल्याकडे आला, थोडा दुसऱ्या अंगाने. याला गुरुत्वाकर्षणाचं भिंग म्हणतात. डहाणूहून तलासरीला एकच निरोप घेऊन दोन माणसं निघाली, एक चारोटी नाक्यावरून आणि एक बोर्डीवरून, तर निरोप दोनदा पोचतो, आणि लांबच्या वाटेने येणारा उशिरा पोचतो. उजेडाचं तसंच झालं होतं. हा शोध आमच्या आधीच परदेशात कोणीतरी लावून ठेवला होता, हे आम्हाला नंतर समजलं. पण तोपर्यंत साहेबांनी चहाबरोबर सामोसेही सांगितले होते, ते काही परत गेले नाहीत.

तर आता त्या भांडणाकडे येते. मी निवृत्त होण्याच्या आधीची थंडी होती. आमच्या विभागात रेवती नावाची तरुण शास्त्रज्ञ आली होती. मूळ अकोल्याची, बोलायला तिखट, कामाला त्याहून. ती एका लहानशा लघुग्रहाच्या मागे लागली होती. लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारा दगड. हा असेल आपल्या महालक्ष्मीच्या डोंगरासारखे काही डोंगर एकत्र बांधल्याएवढा. पण तो अंदाज. तो खरा केवढा आहे हे कोणी मोजलेलं नव्हतं, कारण दुर्बिणीतून तो नुसता ठिपका दिसतो.

त्याला मोजायची एक युक्ती असते. असा दगड फिरता फिरता एखाद्या ताऱ्याच्या आड आला की त्या ताऱ्याच्या उजेडात त्याची सावली पृथ्वीवर पडते. घारीची सावली अंगणातून सर्रकन जाते ना, तशी ती जमिनीवरून पळते. त्या वाटेवर तुम्ही दुर्बीण लावून बसलात तर तारा क्षणभर विझतो. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. किती वेळ विझला त्यावरून दगडाची रुंदी कळते. सावलीची वाट मात्र दगडाएवढीच रुंद असते. तुम्ही वाटेच्या थोडे बाजूला बसलात तर तारा आपला मजेत लुकलुकत राहतो आणि तुम्ही थंडीत कुडकुडत राहता.

आता सावली कुठून जाणार हे सांगायला तारा नेमका कुठे आहे ते ठाऊक हवं. अवकाशातल्या दुर्बिणींनी केलेल्या ताऱ्यांच्या याद्या आज आमच्यासारख्यांपेक्षा कितीतरी अचूक आहेत, पण नेमक्या याच ताऱ्यापुढे त्या यादीत शंकेची खूण होती. म्हणून जुनी रीत बाहेर काढली. रेवतीने मोजला, मी मोजला. फळ्यापाशी पाठमोऱ्या उभ्या राहिलो. लिहिलं. वळलो.

आकडे जुळले नाहीत.

फरक केवढा, तर दिल्लीत एक चिकू ठेवला आणि डहाणूहून तो बघितला, तर जेवढा दिसेल तेवढा. तो अर्थात दिसणारच नाही. पण सावलीच्या हिशेबात या चिकूएवढ्या फरकाने वाट कोसभर नव्हे, चांगली काही कोस सरकते. रेवतीच्या आकड्याप्रमाणे सावली जात होती तलासरीवरून. आणि माझ्या आकड्याप्रमाणे, देवाशप्पथ, आमच्या चिखल्यावरून.

विभागात जो हशा पिकला तो मी विसरणार नाही. "ताई, निवृत्तीच्या आधी एकदा माहेरची फेरी करून घ्या, पण त्यासाठी तारा हलवायची काय गरज?" मीही हसले. पण मनात चरकले. माझा डोळा डावीकडे झुकतो, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तो घराकडेही झुकतो की काय? आकाशात घर कुठल्या दिशेला आहे हे डोळ्याला कसं कळेल, असं मी स्वतःला समजावलं, पण शंका काही जाईना.

रेवतीला मात्र हसू येत नव्हतं. तिच्या नेमणुकीची मुदत संपत आली होती. तीन वर्षांचं सगळं काम या एका सावलीवर उभं होतं, आणि एवढा चांगला तारा त्या दगडाच्या आड पुन्हा कधी येईल त्याचा नेम नव्हता. सावली हुकली तर तिला गाशा गुंडाळून अकोल्याला जावं लागणार होतं. उचलून कुठेही नेता येतील अशा दुर्बिणी दोनच मिळाल्या होत्या. नवे साहेब आले, फळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढं काय त्यात? सरासरी काढा. दोन्ही दुर्बिणी मधल्या एखाद्या पाड्यावर लावा."

रेवतीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, विहीर स्वयंपाकघरात येईल." त्यांना काही समजलं नाही. मग रेवतीनेच त्यांना सगळं सांगितलं, तेही इतक्या तडफेने की ते म्हणाले, "ठीक आहे, पण जबाबदारी तुझी." ती हो म्हणाली. मला त्या क्षणी ती पोर फार आवडली, आणि तिची फार काळजीही वाटली.

रीतीप्रमाणे दुसरीच्या जागेवर बसायचं होतं. म्हणजे माझ्या चिखल्यात रेवती आणि तिच्या तलासरीत मी. आम्ही डहाणू रोडला उतरलो. तिला मी आमच्या वाडीत दादाच्या हवाली केलं. दादा माझा थोरला भाऊ, चिकूच्या बागेत वाढला आणि बागेतच म्हातारा झाला. त्याचं पहिलं वाक्य, "तू घरी यायचीस ती कधी गणपतीला, कधी होळीला. आता सावलीला आलीस, आणि राहतेस मात्र तलासरीला. हे कुठलं शास्त्र?"

तलासरीजवळच्या एका पाड्यावर देवजीकाकांनी त्यांचं खळं मला दिलं. भात झोडून झालं होतं, जमीन सारवलेली, सपाट. काका नागली-भात करणारे, मोजकं बोलणारे. मी दुर्बीण जुळवत असताना त्यांनी सगळं शांतपणे बघितलं आणि विचारलं, "बाय, एवढ्या लांबून आलीस, नि बघायचा काय तर इझलेला तारा?"

"हो काका."

"नि नाय इझला तर?"

"तर एका मुलीची नोकरी जाईल."

काका उठले. खळ्यावरून खाली हायवे दिसतो, आणि अच्छाडच्या बाजूला एका ढाब्याचा बोर्ड सारखा लाल-हिरवा-निळा होत होता. तो उजेड थेट माझ्या दुर्बिणीवर पडत होता. काका त्यांच्या मोटरसायकलवर बसून गेले आणि ढाब्याच्या मालकाला मागे बसवूनच परत आले. मालकांनी दुर्बिणीला नमस्कार केला आणि मला म्हणाले, "बेन, बोर्ड बंद केला ने, तर ट्रकवाला समजेल धंदा बंद. पाच मिनिट हां. जास्त नाय." त्यांनी फोन केला आणि खाली बोर्ड विझला. मग ते घरी जायचं सोडून माझ्या पाठीशीच उभे राहिले, कारण आता त्यांनाही बघायचं होतं.

जेवणाची वेळ होत आली होती. कॅमेरा चालू होता आणि लॅपटॉपच्या पडद्यावर तारा दिसत होता. खरं सांगू का? आपला आकडा खोटा ठरावा असं मला आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटत होतं. इथे, रेवतीच्या जागी तारा विझावा. माझं काय, मी तर घरीच चालले होते.

वेळ आली आणि गेली. तारा विझला नाही. जरासा मंदावल्यासारखा वाटला, तेवढंच. ढाब्याचे मालक म्हणाले, "हा तर चालूच आहे."

मी रेवतीला फोन लावला. आता सगळी आशा माझ्या आकड्यावर होती. तिकडून तिचा आवाज आला, "ताई, नाही विझला. जरा मिणमिणला. तुमच्या दादांनी डास जावेत म्हणून नारळाची सोडणं पेटवली होती, त्याचा धूर आला असेल." मागून दादाचा आवाज, "धूर तिकडे गेलाच नाही, मी पुठ्ठ्याने वारा घालत होतो."

मी सामान आवरलं. काकांनी निघताना पिशवीभर नागलीचं पीठ दिलं आणि म्हणाले, "पोरीला भाकरी करून घाल." मला गाडीत फार वाईट वाटत होतं. दोघींचे आकडे चुकले, साहेब बरोबर ठरले, सावली मधूनच गेली असणार. नोकरीच्या शेवटच्या कामात मी एका गुणी मुलीला बुडवलं, असंच मनात घोळत होतं.

चिखल्याला पोचले तर रेवती ओट्यावर बसली होती. डोळे लाल झाले होते, ते धुराने नव्हे. समोर दादा अपराधी चेहऱ्याने उभा. त्याच्या सगळ्यात चांगल्या चिकूच्या झाडाची एक भरली फांदी अंगणात पडली होती. तारा फांदीआड जातोय असं रेवती म्हणाली आणि दादाने कोयता घेतला. ज्या माणसाने लहानपणी मला एक कच्चा चिकू फुकट पाडू दिला नाही, त्याने हे केलं होतं.

ताटं मांडलेली होती, पण मोजणाऱ्या माणसाला मोजल्याशिवाय जेवण जात नाही. मी म्हटलं, "रीत पुरी करू. तू माझं बघ, मी तुझं बघते." लॅपटॉप बदलले. ताऱ्याचा उजेड क्षणाक्षणाला किती होता, त्याची रेघ काढली. मी तिची रेघ बघत होते, ती माझी. मग मी म्हटलं, "हा धूर नव्हे, पायरी आहे."

धूर येतो तेव्हा उजेड हळूहळू कमी होतो, हळूहळू वाढतो. तिच्या रेघेत उजेड एकदम खाली पडला होता, जिन्याच्या पायरीसारखा, आणि तसाच एकदम वर आला होता. "माझ्याकडे पण पायरी आहे," रेवती हळूच म्हणाली. "तुमच्या रेघेत. ताई, पायरी आहे." चिखल्याला उजेड निम्म्याहून थोडा जास्त घटला होता. तलासरीला निम्म्याहून थोडा कमी. दोन्ही घटी एकमेकींत मिळवल्या आणि बेरीज आली बरोबर एक अख्खा तारा.

दादा म्हणाला, "मला कोणी सांगेल का?"

रेवतीने अंगणातल्या फांदीचा एक चिकू तोडला. दादाच्या आणि वहिनीच्या हातात एकेक बॅटरी दिली, दोघांना शेजारी शेजारी उभं केलं आणि चिकू त्यांच्यासमोर धरला. ओट्याच्या भिंतीवर चिकूच्या दोन सावल्या पडल्या. "तारा एक नव्हताच. दोन आहेत, इतके जवळ की आजवर एकच वाटत होते. दगड एक, दिवे दोन, म्हणून सावल्या दोन. एक तुमच्या वाडीवरून गेली, एक तलासरीवरून. सावलीत आलं की एकच तारा विझतो, दुसरा चालू राहतो. म्हणून नुसतं मिणमिणलं."

आणि आमचे आकडे का जुळले नाहीत तेही मग उलगडलं. मी जुन्या सवयीने निळ्या काचेतून काढलेले फोटो मोजले होते, तिने लाल काचेतून. त्या जोडीतला एक तारा निळसर असणार, एक तांबूस. माझ्या फोटोत ठिपक्याचा मध्य निळ्याकडे ओढला गेला, तिच्या फोटोत तांबड्याकडे. माझा डोळा घराकडे झुकला नव्हता. मला इतकं हायसं वाटलं की मी रडले. मग रेवतीही पुन्हा रडली. वहिनीने ताटं परत आत नेली आणि भाजी गरम करायला ठेवली.

दादा अजून भिंतीकडेच बघत होता. त्याने दोन सावल्यांच्या मधोमध बोट ठेवलं. तिथे दोन्ही बॅटऱ्यांचा उजेड पडत होता. "म्हणजे तुमचे साहेब म्हणत होते तसं मध्ये बसला असता तर..."

"तर तारा मजेत लुकलुकत राहिला असता," रेवती म्हणाली.

दगडाची रुंदी मिळाली, तीही दोन ठिकाणांहून. जोडतारा मिळाला तो वरकड. रेवतीची नेमणूक पक्की झाली. नव्या साहेबांनी चहा दिला, सामोसे दिले नाहीत. देवजीकाकांना मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "मग अर्धा तरी इझला ना?" ढाब्याच्या मालकांनी मात्र ट्रकवाल्यांना सांगायला सुरुवात केली की त्यांच्या एका बोर्डापायी एक तारा सापडला. मी तो दावा खोडून काढलेला नाही.

मी आता वाडीत असते. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. माझ्या जागी माणूस घेतला नाही, यंत्र घेतलं. ते माझ्यापेक्षा चांगलं मोजतं, थकत नाही, त्याचा डोळा कुठेही झुकत नाही. तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही. फळा पांढरा करून तिथे आता वेळापत्रक लावलंय म्हणे.

परवा रेवतीचा फोन आला. तिला दुसऱ्या एका दगडाची सावली गाठायची आहे, आणि याही ताऱ्यापुढे यादीत शंकेची खूण आहे. आवाजात काळजी होती. "ताई, यंत्राकडून दोनदा मोजून घेतलं."

"मग? जुळलं नाही?"

"जुळलं. दोन्ही वेळा तंतोतंत तोच आकडा. एकाच खुर्चीवरून दोनदा बघितल्यासारखं. म्हणून तर झोप येईना. मी फळ्यावरचं वेळापत्रक काढून टाकलंय. याल का?"

मी हो म्हटलं. दादाने काही न विचारता बाजूची करंडी पुढे ओढली आणि रेवतीसाठी चिकू निवडायला बसला.